दिवंगताचा गाल

नाटकात मेलेल्या माणसाचं काम सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा दीड तास कोचावर पडून दाखवावं. नाक नेमकं तेव्हाच खाजतं. पोट गुरगुरतं. डास तर पुढच्या रांगेचं तिकीट काढून आल्यासारखे येतात. आणि हे सगळं होत असताना तीनशे माणसं आपल्या छातीकडे टक लावून बसलेली असतात, हलते का बघायला.

हे काम तो अकरा वर्षं करत होता. कंपनीतले सगळे त्याला दिवंगत म्हणत. ‘दिवंगत, चहा घेणार का?’ असं कुणी विचारलं की नवख्या माणसाचा घास घशात अडकायचा, पण त्याला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नसे. पूर्वी त्याला बोलायची कामं मिळत. पण त्याला एक खोड होती. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हा उत्तर द्यायचा. दोन नाटकांतून त्याला याच पायी काढलं होतं. शेवटी मालकांनी डोकं लढवून असं काम दिलं, की ज्यात उत्तर द्यायची सोयच नव्हती.

नाटक खुनाचं होतं. पडदा वर जातो तेव्हाच घरधनी कोचावर मरून पडलेला असतो आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्याला स्ट्रेचरवरून नेतात. नेण्याआधी त्याची विधवा येते, गुडघ्यांवर बसते, त्याच्या गालावर हात ठेवते आणि कानाशी तोंड नेऊन सव्वा मिनिट रडते. खांदे गदागदा हलतात. मग इन्स्पेक्टर येऊन विचारतो, ‘बाई, हे तुम्हाला शेवटचं काही बोलले का?’ आणि ती म्हणते, ‘नाही हो. एक शब्दही नाही.’ इथे भल्याभल्यांचे रुमाल बाहेर निघत.

विधवेचं काम त्याची खरीखुरी बायको करायची. त्या सव्वा मिनिटात ती त्याच्या कानात काय बोलते, हे अकरा वर्षांत त्या दोघांशिवाय कुणाला कळलं नव्हतं.

“अहो, गच्चीवरची गादी आत घ्यायला विसरलात,” ती हुंदक्याच्या सुरात सांगायची. “तुमच्या बहिणीचा फोन होता. जावयाला बढती मिळाली म्हणून तिचे पाय जमिनीवर नाहीत. माझा गुडघा परत धरलाय. आणि ती खालची वहिनी, तिला मी आज चांगलं सुनावलं.”

घरी असं बोलणं होत नसे. घरी ती म्हणाली, ‘नळ गळतोय,’ की हा म्हणायचा, ‘नळ नाही गळत, वॉशर गेलाय.’ ‘बरं, वॉशर गेलाय.’ ‘गेलाय म्हणजे झिजलाय. जाईल कुठे?’ असं होता होता नळ राहायचा बाजूला आणि दोघं दोन खोल्यांत बसायची. म्हणून तिनं सगळं कोचावरच्या मयतासाठी राखून ठेवायला सुरुवात केली. मयत ऐकून घ्यायचा. पापणी हलवायचा नाही. फक्त कानाची पाळी हळूहळू लाल व्हायची, आणि तेवढ्यावर तिला कळायचं की आत पोचतंय. त्यांच्या संसाराचा सुखाचा भाग म्हणाल तर हा, रोजचं सव्वा मिनिट, सोमवारी सुट्टी.

तर या सुखात बिब्बा घातला तो गालानंच. एका संध्याकाळी नेहमीच्या जागी हात ठेवल्या ठेवल्या ती कुजबुजली, “अहो, हा गाल आहे का पॉलिश पेपर? माझा तळवा सोलला.” दुसऱ्या दिवशी तिचा हात गालावर आलाच नाही. कॉलरवरच टेकला. तिसऱ्या दिवशीही कॉलर. प्रेक्षकांना काही फरक कळला नाही, पण दिवंगताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौथ्या दिवशी तो त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसला.

“काय करता आपण?” बाईंनी चेहऱ्यावर दिवा धरत विचारलं.

“मयत असतो.”

“किती दिवसांपासून?”

“अकरा वर्षं.”

“मग एवढ्या उशिरा का आलात?” बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. “रंग कोण लावतं?”

रंग मेकअपवाले काका लावत. भला माणूस, पण त्यांच्याकडे स्पंज एकच. त्याच स्पंजानं आधी इन्स्पेक्टर रंगायचा, मग मोलकरीण, मग विधवा आणि उरलंसुरलं मयताला. त्यावर पांढऱ्या-करड्या रंगाचा जाड थर, डोळ्यांखाली निळं, ओठांना जांभळं. हे सगळं दिवंगत घरी येऊन धुण्याच्या साबणानं आणि भांड्यांच्या घासणीच्या मऊ बाजूनं काढायचा. मऊ बाजू वापरतो हे त्यानं अभिमानानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं.

मग त्यांनी नियम सांगितले. रंग आधी तेलानं विरघळवायचा, घासायचा नाही. मग सौम्य फेसवॉश. चेहरा टिपायचा, पुसायचा नाही, आणि गाल ओला आहे तोवरच, तीन मिनिटांच्या आत, क्रीम लावायचं. रंगाच्या आधी एक संरक्षक थर. स्पंज स्वतःचा. दिवसा सनस्क्रीन. भरपूर पाणी, पुरेशी झोप. झोपेची तर त्याला चंगळच होती. रात्रीची वेगळी आणि रोजचा दीड तास डोळे मिटून कोचावर, तोही नोकरीच्या वेळेत.

समोरच्याचं वाक्य संपेपर्यंतही न थांबणारा हा माणूस नियमांच्या बाबतीत मात्र घड्याळ लावून बसला. तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. दोन महिन्यांत गाल असा झाला की स्वतःलाच हात लावावासा वाटे. आणि एका संध्याकाळी बायकोचा तळवा कॉलरवरून सरकत सरकत गालावर आला आणि थांबला.

“हं,” ती हुंदका देत म्हणाली. “आता कसं बरं वाटतं हाताला.”

दिवंगताच्या कानाची पाळी अशी लाल झाली की ऐन शोकप्रसंगी पहिल्या रांगेत खसखस पिकली.

इथून गोष्टी बिघडल्या. कारण मयताचा चेहरा आता रंगाखालूनही चमकायला लागला. इन्स्पेक्टरनं ‘मृत्यू होऊन बारा तास उलटलेत’ म्हटलं की लोक हसायचे. एकदा तिसऱ्या रांगेतल्या एक आजी उभ्या राहिल्या आणि खड्या आवाजात म्हणाल्या, “अहो, तो माणूस चांगला धडधाकट आहे, कुणीतरी डॉक्टरला बोलवा.” वर्तमानपत्रात छापून आलं की प्रयोगात तजेला एकाच पात्रात होता आणि ते पात्र मेलेलं होतं. काकांनी रंगाचे थर वाढवले, पण क्रीमवर रंग ठरेना. दुसऱ्या अंकापर्यंत मयत कपाळाकडून जिवंत होत यायचा.

“मढ्याला तजेला कुणी सांगितला होता?” मालक टेबलावर हात आपटत म्हणाले. “माझ्याकडे नायिका आहेत, त्या एवढं करत नाहीत.”

“सांगितलं डॉक्टरीणबाईंनी, आणि मढं नाही म्हणत, मयत—”

“बघा, परत बोलला.”

त्या संध्याकाळी कानाशी आलेली बायको नेहमीपेक्षा वेगळ्या आवाजात बोलली. “अहो, एक महत्त्वाचं सांगायचंय. आज नको, इन्स्पेक्टर हल्ली लवकर घुसतो. उद्या सांगते. नीट पडून राहा.”

आणि उद्या कोचावर दुसराच कुणी होता.

अपघातात काय करावं हे शिकवायला जो रबरी माणूस वापरतात, तसला एक मालकांनी आणला होता. त्याचं तोंड मूळचं फुंक मारण्यासाठी उघडं होतं, ते डिंकानं मिटवलं. दिवंगताचाच कोट त्याला घातला, काकांनी रंग लावला, आणि मालक भोवती फिरून म्हणाले, “श्वास नाही, घाम नाही, रॅश नाही, तोंड नाही. असा माणूस मला वीस वर्षांपूर्वी मिळायला हवा होता.”

“ह्यांच्यापेक्षा देखणे आहेत भाऊजी,” बायको म्हणाली. झालं. त्या दिवसापासून अख्खी कंपनी रबराला भाऊजी म्हणायला लागली.

दिवंगताला पडद्यामागे दाराची घंटा वाजवायचं काम दिलं. तिथून त्यानं पाहिलं. त्याची बायको भाऊजींच्या कोचाशी गुडघ्यांवर बसली. रबरी गालावर हात ठेवला. रबरी कानाशी तोंड नेलं आणि बोलू लागली. त्यानं मनातल्या मनात आकडे मोजले. दीड मिनिट. त्याच्या वाट्याला अकरा वर्षांत सव्वा मिनिटाच्या वर एक सेकंद आला नव्हता. रबराचा इतका मत्सर वाटू शकतो हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची हौसही नव्हती.

सकाळी त्यानं चहाचा कप खाली ठेवून विचारलं, “ते महत्त्वाचं काय होतं?”

“सांगितलं की काल.”

“कुणाला?”

“जिथे रोज सांगते तिथे.”

“अगं, तिथे रबर होतं.”

“असू दे. बिचाऱ्यांनी ऐकून तरी घेतलं.”

“मला आत्ता सांग. मी एक अक्षर बोलणार नाही.”

बायको त्याच्या समोर बसली. तिनं पदर सारखा केला, दोन्ही हात टेबलावर ठेवले, मोठा श्वास घेतला. “बरं तर. मला असं वाटतंय की—”

“दुधावर झाकण नाहीये,” तो म्हणाला.

ती उठली, दुधावर झाकण ठेवलं आणि आपल्या खोलीत गेली. दिवंगत टेबलाशी बसून राहिला. जिभेला हाड नसतं हे खरं, पण कुणीतरी ते घालायला हवं होतं असं त्याला त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं.

आता एकच उपाय होता. पुन्हा मेल्यासारखं दिसायचं आणि आपली जागा परत मिळवायची. त्यानं क्रीम बंद केलं. धुण्याचा साबण काढला. भर दुपारी सनस्क्रीन न लावता गच्चीत बसला आणि रात्री मुद्दाम पलंगाच्या कडेवर झोपला, म्हणजे झोप लागू नये. आठवड्यानं आरशात बघितलं तर चेहऱ्यावर तांबूस झाक आलेली. शेजारची वहिनी म्हणाली, “थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आलात वाटतं.”

तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. “मला बिघडवून द्या,” तो म्हणाला.

“इथे लोक उलटं मागतात.”

“मला बायकोशी बोलायचंय. म्हणजे तिचं ऐकायचंय. त्यासाठी मरावं लागतं.”

बाईंनी त्याचा गाल दिव्याखाली वळवून बघितला. मग म्हणाल्या, “हे गालाच्या पलीकडचं आहे. तरी सनस्क्रीन सोडू नका.”

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे दैवानं आधी भाऊजींकडे बघितलं. एका दुपारी काकांनी दिवंगताला बाजूला घेतलं आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, “जरा भाऊजींना बघ ना. फोड आलेत.”

खरंच होतं. तेलकट रंगानं रबर फुगून आलं होतं. डावा गाल तर सालं निघत निघत पार खरखरीत झाला होता. दिवंगताला आधी आनंद झाला, आणि तो त्यानं लपवलाही नाही. भोग म्हणावं आता. अजून आठ दिवसांत हा रबरी उपटसुंभ भंगारात जाईल. मग त्यानं त्या गालावरून बोट फिरवलं आणि बोट तसंच राहिलं. रोज संध्याकाळी ह्याच गालावर तिचा तळवा असतो, हे त्याच्या लक्षात आलं. पुन्हा सोलणार. ती भाऊजींना काही म्हणणार नाही, कॉलरवर हात ठेवील, आणि घरी आली की गुपचूप हाताला मलम लावील.

“काका, सौम्य साबण आहे का?” तो म्हणाला. “आणि तुमचा तो स्पंज आधी फेकून द्या.”

तेव्हापासून रोज दुपारी तो भाऊजींपाशी बसू लागला. आदल्या दिवसाचा रंग हलक्या हातानं काढायचा, साबणाच्या पाण्यानं टिपायचं, पावडरीचा पातळ हात फिरवायचा, तेलकट रंग बंद करून पाण्याचा लावायचा. ‘स्वतःच्या मुळावर आलेल्या माणसाच्या गालाला कोणी हे करतं का?’ असं तो मधूनमधून भाऊजींना विचारायचा. भाऊजी काही बोलायचे नाहीत. त्यांच्यात ते होतंच चांगलं.

काम झालं की भाऊजींना कोचाच्या पोटात ठेवायचं. कोच आतून पोकळ होता. कंपनी दौऱ्यावर निघाली की त्यात कपडे भरत. बाराव्या दिवशी दिवंगतानं भाऊजींना आत निजवलं, झाकण लावायला हात घातला आणि थांबला. भाऊजी त्याच्याच उंचीचे होते. आत मापात मावत होते.

“काका,” तो म्हणाला, “आज दाराची घंटा तुम्ही वाजवा.”

पडदा वर गेला तेव्हा भाऊजी कोचावर होते आणि दिवंगत कोचात. आत अंधार, जुन्या कोटांचा वास आणि बैठक नि पाठ यांच्यामधल्या फटीतून येणारी उजेडाची एक पट्टी. चेहऱ्यावर रंग नव्हता. खाजत काही नव्हतं. दीड तास इतक्या सुखात तो कधी मेला नव्हता, फक्त छाती धडधडत होती आणि आज ती कुणी बघत नव्हतं.

मग तिची पावलं आली. फळीवर गुडघे टेकले. हुंदका.

“भाऊजी,” वरून तिचा आवाज आला, “आज तीन आठवडे झाले, रोज तेच विचारते आणि तुम्ही हूं नाही की चूं नाही. ह्यांच्या कानाची पाळी तरी लाल व्हायची. उद्या उत्तर कळवायचंय हो. पलीकडच्या कंपनीनं बोलावलंय, हसण्याचं नाटक आहे. मुख्य काम.”

दिवंगताच्या जिभेवर लगेच तीन वाक्यं येऊन उभी राहिली. पलीकडची कंपनी म्हणजे कुठली. तालमी किती वाजता. आणि तुला हसण्याचं टायमिंग कुठे आहे, तुझं हसू नेहमी उशिरा येतं. त्यानं शेजारच्या कोटाची बाही दातांत धरली.

“मला हसायचंय भाऊजी. अकरा वर्षं रोज रडतेय. गालावर दोन पन्हळी पडल्यात बघा, काकांचा रंगसुद्धा त्यांतूनच वाहतो. पण मी गेले तर ह्यांना कोण रडणार? आज ना उद्या ते ह्या कोचावर परत येतील, आणि माझ्या जागी दुसरी कुणीतरी कानाशी जाऊन नुसतीच रडेल. खरी रडेल. गादी आत घेतली का, कोण विचारणार त्यांना?”

ती थांबली. बाहीचा धागा त्याच्या दातांत तुटला. तिला आणखी काही बोलायचं असेल तर बोलू दे, असं मनात आणून तो वाट बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाचं वाक्य पूर्ण होऊन वर एक श्वास जाईपर्यंत थांबला. ती जागा त्याची होती. ते सव्वा मिनिट त्याचं होतं. दुसरं काही त्याच्याजवळ नव्हतं.

“घे ते काम,” तो म्हणाला.

पोकळ लाकडातून तो आवाज असा घुमला की शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मयत बोलला. तीनशे माणसं जागच्या जागी थिजली. कुणाच्या तरी हातातून पिशवी पडली. इन्स्पेक्टर आत आला होता, त्याला पुढचं वाक्य सोडून दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून त्यानं घामाघूम होऊन तेच म्हटलं. “बाई, हे तुम्हाला शेवटचं काही बोलले का?”

बायकोनं भाऊजींकडे बघितलं. मग भाऊजींच्या खाली बघितलं.

“बोलले,” ती म्हणाली. “मेल्यावर बोलले. पण आधी माझं सगळं ऐकून घेतलं.”

आणि तिला हसू आलं. उशिरा आलं, नेहमीसारखंच, पण आलं ते थांबेना. विधवा कोचाला टेकून हसतेय आणि इन्स्पेक्टर टोपी काढून उभा आहे हे बघून आधी त्या तिसऱ्या रांगेतल्या आजींसारखंच कुणीतरी एक हसलं, मग सगळं थिएटर. विंगेत मालक दोन्ही हातांनी पडद्याची दोरी शोधत होते आणि काका घंटा वाजवत होते, कारण कधी थांबायचं हे त्यांना सांगायचं राहून गेलं होतं.

त्या गोंधळात बैठकीच्या फटीतून तिचा हात आत आला. अंधारात चाचपडला, कोटांवरून फिरला आणि त्याचा गाल सापडल्यावर थांबला. गाल ओला होता. ओल्या गालावर तीन मिनिटांच्या आत क्रीम लावायला हवं, असा डॉक्टरीणबाईंचा नियम होता, आणि मुद्दाम बिघडायचा तो एक आठवडा सोडला तर दिवंगतानं तो आजवर एकदाही मोडला नव्हता. तीन मिनिटं होऊन गेली. हात काही निघाला नाही, आणि तो काही बोलला नाही.